घरच्या मिक्सिंगसाठी पॅसिव्ह मॉनिटर आणि अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा?



गेल्या कार्तिकात आम्ही बेला आणि जैनथ भागातली काकड्याची भजने ध्वनिमुद्रित केली. गाणाऱ्यांपैकी बरेच जण सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या चाली कुठे लिहिलेल्या नाहीत. गळ्यात आहेत तेवढ्याच. घरी संगणकावर मिक्सिंग केले तेव्हा ते झकास वाटले. सभासदांना मोबाइलवर पाठवले आणि फोन येऊ लागले, "टाळ कानाला टोचतात, आजोबांचे शब्दच कळत नाहीत."

चूक गाणाऱ्यांची नव्हती आणि माइकचीही नव्हती. आम्ही ज्या होम थिएटरवर ऐकत होतो, ते खर्ज फुगवून आणि टाळांची धार बोथट करून ऐकवत होते. म्हणून आम्ही पखवाज कमी केला, टाळ वाढवले, आणि शब्द टाळांखाली दबले. त्यानंतर जी शोधाशोध केली, ती इथे मांडत आहोत. घरी भजन, पोवाडा किंवा मुलांची गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांना उपयोग होईल.

मॉनिटर म्हणजे काय?

साधा स्पीकर गाणे गोड करून ऐकवतो. मॉनिटरने जसे आहे तसे ऐकवायचे असते. खातेवहीत शिल्लक जास्त दाखवली तर तेवढ्यापुरते बरे वाटते, पण ताळेबंद जुळत नाही, तसेच हे आहे.

मॉनिटर दोन प्रकारचे. अ‍ॅक्टिव्हमध्ये अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच असतो. पॅसिव्हला तो बाहेरून जोडावा लागतो. अ‍ॅक्टिव्ह सोपा, जुळवाजुळव कंपनीने केलेली असते. पॅसिव्हचा फायदा असा की अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर तेवढाच दुरुस्तीला न्यायचा, स्पीकर जागेवर राहतात. शिवाय घरी जुना, चांगला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल तर निम्मा खर्च वाचतो.

पॅसिव्ह म्हणजे कमी दर्जाचा, असे मात्र समजू नये. यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-10 हा 1978 साली घरगुती स्पीकर म्हणून आला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. 2001 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. तो कानाला गोड लागत नसे. पण त्यावर चांगले वाटलेले गाणे इतरत्रही चांगले वाजते, असा मिक्सिंग करणाऱ्यांचा भरवसा होता.

किती वॅट लागतात?

इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'पीएमपीओ' आकडा विसरून जावा. 'आरएमएस' आकडा पाहावा.

स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते. समजा ती 87 डेसिबल आहे. म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर 87 डेसिबल आवाज. वॅट दुप्पट केले की 3 डेसिबल वाढतात: 2 वॅटला 90, 4 ला 93, 8 ला 96, 16 ला 99. मिक्सिंग करताना आपण साधारण 75 ते 80 डेसिबलवर ऐकतो. टाळ-पखवाजाचे ठोके क्षणभर त्याच्या वर 15-20 डेसिबल उसळतात. तरीही 16 वॅटमध्ये भागते. म्हणून खोलीतल्या कामाला प्रत्येक बाजूस 30 ते 50 वॅट आरएमएस पुरे.

मग फार लहान अ‍ॅम्प्लिफायर का नको? तो ताकदीबाहेर चालवला की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजाने ट्वीटर जळू शकतो.

दुसरा आकडा ओहमचा. स्पीकर 8 ओहमचा असेल तर बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरला सोपे जाते. 4 ओहमचा स्पीकर जवळजवळ दुप्पट करंट ओढतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे 4 ओहम चालतो असे लिहिलेले असेल तरच घ्यावा. देवळात भोंग्यांसाठी वापरतात त्या अ‍ॅम्प्लिफायरचे 100 व्होल्ट लाइनचे टोक तर मॉनिटरला कधीच लावू नये. पंखा असलेला अ‍ॅम्प्लिफायरही टाळावा. हळू आवाजात ऐकताना त्याची घरघर मध्ये येते.

जोडणी आणि जागा

- तांब्याची 1.5 चौरस मिलिमीटरची वायर दोन-तीन मीटरसाठी पुरते. महागडी वायर नको.
- लाल टोक लालला, काळे काळ्याला. एका बाजूला उलटे झाले तर पखवाजाची धूम गायब होते.
- बास-ट्रेबल मध्यावर, 'लाउडनेस' बंद.
- सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.
- दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा; ट्वीटर कानाच्या उंचीला, पेट्या भिंतीपासून थोड्या पुढे. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो.
- आपल्याकडे कापसाला तोटा नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींना जाड गाद्या टेकवल्या की टाळांचा प्रतिध्वनी बराच कमी होतो. खर्ज मात्र गादीने अडत नाही.

पैसे घालताना आधी स्पीकर, मग खोली, मग अ‍ॅम्प्लिफायर, असा क्रम ठेवावा. विकत घेण्यापूर्वी पाठ असलेले रेकॉर्डिंग सोबत न्यावे. आम्ही पंडित भीमसेन जोशींची 'अभंगवाणी' नेली होती. शब्द, पेटी, टाळ आणि पखवाज चारही वेगवेगळे कळले, तोच जोड घेतला.

मूळ ध्वनिमुद्रणे शाबूत होती म्हणून भजनांचे मिक्सिंग पुन्हा करता आले. सभासदांनीही मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवावी. मिक्सिंग दहा वेळा करता येते. आजोबांचा आवाज पुन्हा मिळेलच असे नाही. कुणाच्या माळ्यावर जुना अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल तर भंगारात देण्याआधी आम्हाला जरूर दाखवावा.