डांबराचं मलम आणि कोबीची पचडी

परवा आमच्या भिशीत चहा देताना माझी बाही जरा वर सरकली आणि नव्याने आलेल्या एका वहिनींची नजर माझ्या कोपरावर अडकली. कप त्यांनी घेतला, पण माझ्या बोटाला बोट लागणार नाही अशा बेताने. राग नाही आला, मैत्रिणींनो. २३ वर्षांची सवय आहे या नजरेची.

सोरायसिस! लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कोपरांवर, गुडघ्यांवर चंदेरी खवले धरायला लागले. सासूबाईंनी माझा टॉवेल आणि साबण वेगळा केला. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आपलीच संरक्षणाची फौज आपल्या कातडीवर उलटते, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक होतं? कुणीतरी पथ्य सांगितलं म्हणून दही, डाळ, कोबी सगळं सोडलं. सहा महिन्यांत नुसती हाडं राहिली, खवले तिथेच! डॉक्टरांनी दिलेल्या डांबराच्या मलमाने मात्र गुण यायचा. दगडी कोळशाचं डांबर हो. तो वास, उशीच्या अभ्र्यांवरचे ते तपकिरी डाग... नकोच ती आठवण. याने बरं का वाटतं, असं मी एकदा विचारलं, तर ‘फार जुनं औषध आहे,’ एवढंच उत्तर मिळालं.

खरं उत्तर दिलं भाचीने. ती मायक्रोबायॉलॉजी शिकते. म्हणाली, "मावशी, तुझं डांबर आणि आपला कोबी, दोन्ही एकाच कुलपाच्या किल्ल्या आहेत." मला वाटलं, चेष्टा करतेय.

या कुलपाचं नाव अ‍ॅरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर. जिभेला पेलत नाही, म्हणून शास्त्रज्ञही ‘एएचआर’ म्हणतात. पेशीत बसलेलं हे एक प्रथिन. ठरावीक आकाराचा रेणू त्याला चिकटला, की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि काही जनुकांना जागं करतं. १९७६ साली अमेरिकेत अ‍ॅलन पोलंड आणि सहकाऱ्यांना ते सापडलं, तेही एका विषाचा माग काढताना. ते विष म्हणजे डायॉक्सिन. त्याच वर्षी १० जुलैला इटलीत सेवेसो गावाजवळच्या रासायनिक कारखान्यातून हेच डायॉक्सिन हवेत पसरलं आणि पुढे कितीतरी लेकरांच्या चेहऱ्यांवर भयंकर पुटकुळ्या उठल्या. त्यामुळे बरीच वर्षं हे कुलूप विषाचंच मानलं गेलं.

पण निसर्गाने एवढं कुलूप कारखान्यातल्या विषासाठी थोडंच घडवलं असणार? २०११ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत मार्क वेल्डहोएन यांच्या गटाने उंदरांचा भाजीपाला बंद केला. दोन-तीन आठवड्यांत आतड्याच्या अस्तरातले ७० ते ८० टक्के पहारेकरी नाहीसे! कोबी, फ्लॉवर, ब्रोकोलीच्या कुळातल्या भाज्यांतून मिळणारा एक पदार्थ खाण्यात घातला, तर ते टिकून राहिले. कोबी चिरताना, चावताना हा पदार्थ सुटा होतो आणि जठरातल्या आम्लात त्याची किल्ली बनते. भाजी उकळून पाणी ओतून दिलं, तर बरंचसं त्या पाण्याबरोबरच जातं.

दुसरी किल्ली आतड्यातले जिवाणू बनवतात. दूध, डाळ, शेंगदाणे यांत ट्रिप्टोफॅन असतं. लॅक्टोबॅसिलस घराण्यातले काही जिवाणू त्याचं रूप बदलतात, कुलूप उघडतं आणि अस्तराची डागडुजी सुरू होते. मी नेमकी डाळच सोडून बसले होते!

मग डायॉक्सिन वाईट का? भाजीची किल्ली काम झालं की विरघळून जाते. डायॉक्सिन मात्र शरीरात वर्षानुवर्षं ठाण मांडतं, मोडून कुलपातच अडकलेल्या किल्लीसारखं. चुलीच्या आणि सिगारेटच्या धुरातही या कुलपाला लागणारे घातक रेणू असतात.

डांबर याच वाटेने कातडीची भिंत सावरतं, असं २०१३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी इसबाच्या बाबतीत दाखवलं. मे २०२२ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी टॅपिनारॉफ नावाच्या मलमाला मंजुरी मिळाली, तेही हेच कुलूप उघडतं. त्याचा मूळ रेणू सापडला मातीतल्या बारीक कृमींसोबत राहणाऱ्या जिवाणूंमध्ये. त्याला डांबराचा वास नाही म्हणे!

"मग रोज कोबी खाऊन मी बरी होईन?" मी विचारलं. "मावशी, तू उंदीर आहेस का? औषध सोडायचं नाही," भाचीने झापलंच.

गेल्या महिन्यात लेकीच्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा दिसला. घराण्यात असलं की होण्याची शक्यता वाढते, हे माहीत होतं, तरी पोटात धस्स झालं. पण तिने माझ्यासारखा तो लपवला नाही. आपणहून दाखवला, दुसऱ्याच दिवशी आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. तिचा टॉवेल आमच्याच दांडीवर वाळतो.

पुढची भिशी त्याच वहिनींकडे आहे. कोबीची पचडी मी नेणार आहे, अर्ध्या बाह्यांचं ब्लाऊज घालून.