लोहाची गोळी आणि यकृताचा हुकूम

जिला लोक ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणतात, ती सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईच्या ओटीत पडणारी तांबडी गोळी दिसायला सामान्यच; पण तिच्याइतकी वाटली गेलेली आणि तिच्याइतकी फडताळात पडून राहिलेली औषधे या देशात थोडीच असतील. पंडुरोगाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला, मध्यंतरी १०० मिलिग्रॅमपर्यंत चढलेले गोळीतील लोह २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत ६० वर आणले गेले, आणि तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना पंडुरोग असल्याचे आढळले. सगळाच पंडुरोग लोहाच्या उणिवेचा नसतो, हे खरे. पण बायका गोळ्या खात नाहीत असा शेरा दप्तरात मारून मोकळे होणाऱ्यांनी, पोटात गेलेल्या गोळीचे पुढे काय होते हे त्या बायकांना समजावून सांगण्याची तसदी कितीदा घेतली, हेही विचारले पाहिजे.

औषध जुनेच आहे. आपले वैद्य पांडुरोगावर लोहभस्म आणि मंडूर देत आले, आणि १८३० च्या दशकात पिएर ब्लो या फ्रेंच वैद्याने हिराकस व पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या करून फिकुटलेल्या तरुण मुलींना दिल्या, त्या पुढे युरोपभर खपल्या. नवी आहे ती एवढीच माहिती की, हे लोह रक्तात किती घ्यायचे याचा निर्णय गोळी देणाऱ्याच्या हाती नसतो.

जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने शरीराला दिलेली नसल्यामुळे सगळा बंदोबस्त लहान आतड्याच्या आरंभीच, जकात नाक्यासारखा, ठेवलेला आहे, आणि तेथला हुकूम सुटतो यकृतातून. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढले की आतड्याच्या पेशींतून रक्तात उतरण्याची लोहाची वाट बंद होते. आणि गोळी घेतल्यावर हेच हेप्सिडिन चढते ते साधारण दिवसभर उतरत नाही. म्हणून लवकर गुण यावा या आशेने सकाळच्या गोळीवर संध्याकाळी आणखी एक घेणाऱ्याच्या रक्तात दुप्पट लोह जात नाही. ते बरेचसे आतड्यातच राहते आणि मळमळ, बद्धकोष्ठ व पोटातली कळ मात्र वाढविते. पुष्कळ डॉक्टर आता दिवसातून एकच गोळी, आणि ती न सोसणाऱ्यांना एक दिवसाआड देतात, त्यामागचे कारण हे. गरोदरपणी मात्र हा फेरबदल आपल्या मनाने करू नये.

शौचास काळी होते ती उरलेल्या लोहामुळे. त्यात भिण्यासारखे काही नाही, पण हे आधी सांगितलेले नसले की पहिल्याच आठवड्यात बाई घाबरते आणि ‘गोळी उष्ण पडली’ म्हणून पाकीट बाजूला ठेवते. चहाबरोबर गोळी घेतली तर चहातील टॅनिन लोह बांधून ठेवते. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर ती अधिक अंगी लागते. गरोदर बाईला दवाखान्यातून कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात, आणि दोन्ही एकदमच घेतल्या तर कॅल्शियम लोहाच्या आड येते. यांच्यात दोन तासांचे तरी अंतर हवे.

महिनाभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढते, जिना चढताना लागणारी धाप कमी होते, आणि बहुतेकांचे औषध तेथेच सुटते. वास्तविक तोवर शरीराने फक्त चालू खर्च भागविलेला असतो. यकृतातली व अस्थिमज्जेतली शिल्लक भरण्यासाठी, हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते.

नियमाने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर गोळ्या वाढविण्याऐवजी निदान तपासावे. नंदुरबार-गडचिरोलीकडील सिकलसेल किंवा थॅलसेमिया लोहाने बरा होत नाही. आणि उतारवयातल्या पुरुषाच्या बाबतीत मूळव्याध, जठरातील व्रण किंवा आतड्याचा कर्करोग यांतून नकळत रक्त जात असू शकते, त्याचा तपास गोळ्यांवर विसंबून लांबविणे महागात पडते. गोळ्या ठेवायच्या त्या मात्र फडताळाच्या वरच्या कप्प्यात, कुलुपात. साखरेच्या पुटाच्या त्या तांबड्या गोळ्या खाऊ समजून लहान मुलाने मूठभर गिळल्या, तर त्या जिवावर बेततात, आणि तसे झाल्यास लक्षणांची वाट न पाहता त्याला तडक इस्पितळात न्यावे लागते.