घसा दुखतोय? मोबाइलच्या फोटोवरून बॅक्टेरिया ओळखता येतो का?

शेजारी तळोजा एमआयडीसी, रस्त्यावर धूळ. नावडेत घसा खवखवणं काही नवीन नाही. मग आपण टॉर्च लावून घशाचा फोटो काढतो, ॲपला विचारतो आणि मेडिकलमधून थेट अँटिबायोटिक आणतो. पण थांबा! त्या फोटोत नेमकं काय कळतं?

खरं सांगायचं तर फार काही नाही. व्हायरस असो, बॅक्टेरिया असो की नुसती धूळ, घसा लालच दिसतो. बहुतेक वेळा कारण व्हायरस असतं आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. बॅक्टेरिया कोणता असेल, याचा अंदाज मात्र पेशंटच्या वयावरून येतो.

५ ते १५ वर्षे: इथे मुख्य बॅक्टेरिया म्हणजे ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. घसा दुखणाऱ्या १० मुलांपैकी साधारण २-३ जणांमध्ये तो सापडतो. उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना ऱ्हुमॅटिक फिव्हर होऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. ३ वर्षांखालच्या मुलांत हा संसर्ग क्वचित दिसतो.

तरुण मंडळी: मोठ्यांमध्ये स्ट्रेप्टोकोकस कमी आढळतो. कॉलेजच्या वयात फ्यूसोबॅक्टेरियम नावाचा बॅक्टेरियाही असू शकतो. एकाच बाजूला खूप दुखतंय, तोंड उघडत नाही किंवा मान सुजलीय? लगेच डॉक्टर गाठा.

लस राहिलेले: यांना घटसर्पाचा धोका असतो. घशात राखाडी पडदा दिसला तर थेट हॉस्पिटल. १० आणि १६ व्या वर्षीचा टीडी डोस घेतलाय का, घरी विचारून बघा.

डॉक्टर काय बघतात? ताप आहे, खोकला नाही, मानेतल्या गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत. यातली बरीच लक्षणं जुळली, तर घशातला स्वॅब घेतात. रॅपिड टेस्टचं उत्तर काही मिनिटांत, कल्चरचं १-२ दिवसांत मिळतं.

मग मोबाइलचा उपयोग काय? ताप कधी, किती आला ते नोट्समध्ये लिहा. आधी घेतलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो डॉक्टरांना दाखवा. स्ट्रिपवर लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. स्ट्रेप्टोकोकससाठी बऱ्याचदा १० दिवसांचा कोर्स देतात. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की लहान भावंडाच्या गोळ्या हमखास विसरल्या जातात. म्हणून अलार्म आजच लावा, पूर्ण १० दिवसांचा!