कुंडीतील माध्यमाची निवड

शेतात उत्तम ठरलेली माती कुंडीतही उत्तम ठरेल, हा समज पदार्थविज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही. शेतात जादा पाणी खालच्या थरांच्या ओढीने झिरपून जाते. कुंडीचा तळ ही ओढ तोडतो. त्यामुळे केशाकर्षणाने धरलेले पाणी तळाशी संपृक्त थराच्या रूपाने राहते व मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. या थराची उंची माध्यमाच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. तळाशी खडे घातल्याने तो नाहीसा न होता केवळ वर सरकतो.

दख्खनची काळी माती या दृष्टीने प्रतिकूल होय. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज भिजताच फुगते व सुकताना आकसते. मग भेगांतून पाणी मुळे न भिजविताच निघून जाते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी व हवा दोन्ही धरतो. तथापि त्यातील क्षार आधी धुऊन काढावे लागतात, आणि पोषणासाठी कुजलेले खत मिसळावे लागते.

गच्चीवर भाराचाही विचार अपरिहार्य आहे. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरास १,८०० किलोग्रॅम धरल्यास ३० सें.मी. जाडीच्या थराचा भार दर चौरस मीटरास ५४० किलोग्रॅम होतो. भारतीय मानक ८७५ (भाग २, १९८७) मध्ये वावराच्या सपाट गच्चीसाठी चल भार सुमारे १५० किलोग्रॅमच धरला आहे. यास्तव तेथे भरड व हलके मिश्रण वापरावे, आणि विस्तृत लागवडीपूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून गच्चीची क्षमता तपासून घ्यावी.