निष्ठा खेळाडूची, आणि क्लबची?

डिसेंबर २०२५मध्ये मुंबईत पंधरवड्याच्या आत दोन गोष्टी घडल्या. १४ तारखेला वानखेडेवर मेस्सी आला. सुनील छेत्रीला त्याने जर्सी दिली, लोकांनी डोळे भरून पाहिलं. आणि महिना सरता सरता सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधला आपला ६५ टक्के हिस्सा सोडून दिला. देशातली लीग सुरू होणार की नाही याचाच पत्ता नव्हता. असल्या बेभरवशाच्या धंद्यात किती दिवस पैसा ओतायचा, असा त्यांचा हिशेब. पहिल्या बातमीचे व्हिडिओ आमच्या आखाडा बाळापुरात पोरापोरांच्या मोबाइलवर फिरले. दुसऱ्या बातमीचा कुणी उल्लेखही केला नाही. मला मात्र तीच लागली, कारण हे असं मुंबईत पहिल्यांदा घडत नव्हतं.

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शालेय स्पर्धेपुरता. सुब्रतो चषकाच्या तालुक्याच्या फेऱ्या होतात आणि चेंडू परत शाळेच्या कपाटात जातो. पण नांदेड–हिंगोली रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर दहा नंबरची जर्सी घातलेली पोरं तावातावाने भांडतात, ती खरा लेजंड कोण यावर. रोनाल्डोने क्लब बदलले, म्हणजे तो पैशाचा. मेस्सी थांबला, म्हणजे तो निष्ठेचा. मग कुणीतरी आठवण करून देतो की मेस्सीनेही २०२१मध्ये बार्सिलोना सोडलं. रडत सोडलं, हे खरं. क्लबच्या तिजोरीत त्याला ठेवण्याइतकी ताकद उरली नव्हती, हेही तितकंच खरं. या सगळ्या वादात खेळाडूच्या निष्ठेचं माप काढलं जातं. क्लबच्या निष्ठेचा प्रश्न कुणी विचारत नाही. मला तोच विचारायचा आहे.

मुंबईच्या फुटबॉलचा जुना काळ मी भरभर ओलांडणार आहे. १८९१मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप, १९५८ साली तो जिंकणारा कालटेक्सचा संघ, पुढे टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, बँका आणि एअर इंडिया. या संघांवर जाणत्यांनी लिहिलं आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. एवढंच म्हणतो की तेव्हा संघ म्हणजे नोकरी होती. खेळ संपला तरी खुर्ची होती, पगार होता, पुढे पेन्शन होतं. नव्या शतकाच्या तोंडावर रोव्हर्स कप बंद पडला, आणि त्या व्यवस्थेवरही पडदा पडत गेला.

मी मुंबईला नोकरीला गेलो तो २००५–०६चा हंगाम. मंत्रालयाच्या बाजूच्या कचेऱ्यांतून सुटलं की पायी कूपरेज गाठता यायचं. मैदान लहान, इतकं की बचावपटू एकमेकांना काय सांगताहेत ते स्टँडमध्ये ऐकू यायचं. तो हंगाम महिंद्रा युनायटेडचा होता. डेरिक परेरा प्रशिक्षक, पुढे युसूफ याकुबू, उजव्या बगलेला स्टीव्हन डायस, आणि कोलकात्याचा लाडका होझे बारेटो. इंग्रजी पेपर त्यांना जीपमेन म्हणत. फेडरेशन कप आणि राष्ट्रीय लीग, दोन्ही त्यांनी एकाच हंगामात घेतली. महाराष्ट्रातल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी एएफसी कपची उपउपांत्य फेरी. गावाहून आलेल्या माझ्यासारख्याला शहरात आपलं म्हणायला काहीतरी लागतं. मला तो संघ मिळाला.

बारेटोचं उदाहरण मी मुद्दाम घेतो. १९९९मध्ये तो मोहन बागानला आला, २००४मध्ये सोडून गेला, मध्ये मुंबईत खेळून लीग जिंकला, आणि २००६मध्ये परत बागानला जाऊन २०१२पर्यंत तिथेच राहिला. तो मध्येच सोडून गेला म्हणून बागानवाल्यांनी त्याला मनातून काढलं का? मुळीच नाही. आजही तो त्यांचा आहे. कारण परत यायला घर होतं. दार उघडं होतं, तीच गॅलरी होती, तीच माणसं होती. चपळाईने गोल करणारे पुष्कळ असतात. पण ज्याला पुन्हा आपल्या अंगणात घेतलं जातं तो लोकांचा होतो.

महिंद्राच्या खेळाडूंना ते घर उरलं नाही. १९६२पासून चाललेला क्लब २०१०मध्ये बंद झाला. यापुढे पैसा शालेय फुटबॉलवर खर्च करू, असं कारण दिलं गेलं. शालेय फुटबॉलला पैसा हवाच, त्यावर माझं दुमत नाही. पण पोराने शाळेत खेळून पुढे जायचं कुठे? एका निर्णयासरशी वरचा जिना काढून घेतला गेला. स्टीव्हन डायससारखा मुंबईचा खेळाडू दुसऱ्या राज्यांतल्या क्लबांकडे गेला, आणि त्याच्या नावावर मुंबईत जमा व्हायला हवी होती ती माया जमा व्हायला जागाच राहिली नाही. तेव्हा काही मंडळी समजूतदारपणाने म्हणत होती की कंपनीचा पैसा आहे, कंपनी ठरवेल. मला ते तेव्हाही पटलं नाही. पैसा कंपनीचा असेल; गॅलरीतली वर्षं आमची होती.

राहिला मुंबई एफसी. २००७मध्ये स्थापना, २००८मध्ये दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, प्रवेश. शर्ट पिवळा, खिसा बेताचा. दुखापतींनी खेळणं संपलेल्या खालिद जमीलने २००९मध्ये प्रशिक्षकपद घेतलं आणि पुढची सात वर्षं तो हलला नाही. या सात वर्षांत संघ कधी जेतेपदाच्या जवळही गेला नाही आणि कधी खालच्या श्रेणीतही पडला नाही. मैदानाच्या कामामुळे घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले, म्हणजे घरच्या मैदानाचा आधारही गेला. तरी दर हंगामाच्या शेवटी तक्त्यात मुंबई एफसी रेषेच्या वरच असायचा.

कूपरेजवरचं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटची दहा मिनिटं, एका गोलची आघाडी, समोर कोलकात्याचा मोठा संघ. पिवळे शर्ट आपल्या पेनल्टी क्षेत्रापुढे दोन रांगांत उभे. चेंडू डावीकडे गेला की दोन्ही रांगा डावीकडे सरकायच्या, उजवीकडे गेला की उजवीकडे. कुणी पुढे धावत सुटत नसे. लाइनवर खालिद हाताने अंतर दाखवत उभा. क्रॉस आला की स्टँडमधली माणसं श्वास धरत आणि डोक्याने बाहेर काढलेल्या प्रत्येक चेंडूला गोल झाल्यासारखी टाळी पडे. या खेळाला कंटाळवाणा म्हणणारे बरेच होते. त्यांनी त्या संघाचं बजेट आणि समोरच्याचं बजेट शेजारी ठेवून पाहायला हवं होतं. निम्म्या पैशात तेवढ्याच मानाने उभं राहणं, यात जेवढी निष्ठा लागते तेवढी चषक उंचावण्यात लागत नाही.

२०१४मध्ये झगमगाट आला. मुंबई सिटी, अनेल्का, ल्युंगबर्ग, सिनेमातले मालक. पहिली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, १२ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली. दोन-सव्वादोन महिन्यांचा संघ, त्यातले कितीतरी खेळाडू आय-लीगच्या क्लबांकडून उसने घेतलेले. नाताळच्या आधी पांगणाऱ्या संघावर जीव कधी जडायचा? आम्हाला सांगितलं गेलं की भारतात फुटबॉलला प्रेक्षकच नव्हता, आता तो तयार होतोय. हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. कूपरेजच्या स्टँडमध्ये जी माणसं बसत होती ती मग कोण होती?

२०१६मध्ये मुंबई एफसी आणि खालिद यांचे रस्ते वेगळे झाले. तो मिझोरामच्या ऐझॉलला गेला. मुंबई एफसीत खेळून गेलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे त्याच्या हाताखाली तिथे होते. ऐझॉल आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत पडलेला संघ. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला जागा मिळाली. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १–१ अशी बरोबरी साधून हाच संघ देशाचा विजेता झाला. आणि त्याच तक्त्यात सगळ्यांत खाली होता मुंबई एफसी. सात वर्षं ज्याने छप्पर धरून ठेवलं तो गेला आणि पहिल्याच पावसात घर बसलं. त्यानंतर क्लबच मिटला. त्याच वर्षी मे महिन्यात रोममध्ये फ्रान्चेस्को टोटीने २५ हंगामांनंतर निरोप घेतला आणि अख्खं स्टेडियम रडलं. आमच्या पिवळ्या शर्टांना निरोपाचा सामनाही मिळाला नाही.

पुण्याची कथा वेगळी नाही. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. २०१५ ते २०१९ एवढ्या काळात एकामागून एक चारही गेले. शेवटचा तर हैदराबादला निघून गेला. बालेवाडीत दहा वर्षं सामने पाहिलेल्या माणसाने कुणाचा शर्ट जपून ठेवायचा?

मुंबई सिटीचं श्रेय मी नाकारत नाही. २०२०–२१ला लीगही त्यांची आणि चषकही. एप्रिल २०२२मध्ये त्यांनी इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. अंधेरीच्या मैदानावर ढोल घेऊन येणारी पोरं मनापासूनची आहेत. म्हणून तर डिसेंबरची बातमी बोचते. क्लब मूळ मालकांकडे परतला, बंद पडला नाही, हे खरं. पण त्या पोरांना कुणी विचारलं नाही. माझ्या पिढीलाही विचारलं नव्हतं.

याच्या उलट गोवा पाहा. २००४–०५ ते २०११–१२ या काळात आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली डेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकली. क्लिफर्ड मिरांडा तिथे दीड दशक खेळला. २०१६मध्ये लीगच्या फेररचनेचा निषेध म्हणून डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग बाहेर पडले. पण डेंपोने दुकान बंद केलं नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, दुसऱ्या श्रेणीतून वर चढले आणि २०२४–२५ला पुन्हा आय-लीगमध्ये आले. तेव्हा प्रशिक्षक होता समीर नाईक, त्या सुवर्णकाळातला त्यांचाच बचावपटू. लेजंड असा घडतो. त्याला परतून यायला आणि पुढच्याला घडवायला जागा मिळाली म्हणून.

आणि कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. तिथेही आता पैसे मोजून खेळाडू फिरतात, परदेशी येतात, दरवर्षी नोंदणीच्या वेळी पेठापेठांत कुजबुज होते. तरी पाटाकडील तालीम कुणी पत्रक काढून बंद करू शकत नाही, कारण ती कुणा एकाची नाही, पेठेची आहे. शाहू स्टेडियमवर बाप ज्या बाजूला बसला त्याच बाजूला मुलगा बसतो. खेळाडू बदलला तरी बाजू बदलत नाही.

जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने हे नियमात बांधलं. १९९८मध्ये क्लबांना कंपनी व्हायची मुभा देताना अट घातली की मतांचं बहुमत सभासदांकडेच राहील. पैसेवाल्याने यावं, पण घर विकून जाता येणार नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील भारताचा प्रशिक्षक झाला आणि सगळ्यांना तो एकदम मोठा वाटायला लागला. माझ्या लेखी तो त्या आधीच मोठा होता. फक्त ज्या क्लबने त्याचं नाव भिंतीवर लिहायचं तो क्लबच शिल्लक नव्हता. खेळाडू थांबला का, हे विचारण्याचा अधिकार थांबलेल्या क्लबलाच असतो. महाराष्ट्रात यापुढे ज्याला संघ काढायचा असेल त्याने जर्सीचा रंग नंतर ठरवावा. आधी लिहून द्यावं की सोडून जायची वेळ आलीच तर संघाचं नाव, मुलांची अकादमी आणि कारभार सभासदांच्या हाती जाईल. फुटबॉल संघटनेने त्याशिवाय परवाना देऊ नये. एवढं झालं तर निष्ठेचे धडे आमच्या पोरांना कुणी वेगळे द्यायला नकोत. ती स्वतःहून राहतील.