सिरॅमिकवर इलेक्ट्रॉनांचा मारा

पुणे जिल्ह्यातील अवसरी खुर्दच्या परिसरात दुभती जनावरे पुष्कळ. त्यांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्य एक भांडे आणतात. झाकण उघडताच पांढरे धुके बाहेर येते. आत द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंश सेल्सिअस इतका थंड!

१९८७ साली यट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांचे एक काळे सिरॅमिक सापडले. कपबशीसारखाच ठिसूळ पदार्थ. पण या नायट्रोजनात बुडवला की त्यातून वीज अडथळ्याविना वाहते. अशा पदार्थाला अतिसंवाहक म्हणतात. १९११ साली पाऱ्यात हा गुण आढळला होता, मात्र उणे २६९ अंशांवर.

तरी एक अडचण उरते. जवळ चुंबक असेल, तर चुंबकीय रेषा या सिरॅमिकमध्ये शिरतात. प्रवाह वाढला की त्या सरकतात आणि ऊर्जा वाया जाते. त्यांना अडवायचे कसे? सिरॅमिकवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. असा झोत देणारे मायक्रोट्रॉन यंत्र पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात उभारले गेले. झोताच्या धडकेने काही अणू जागचे हलतात. त्या रिकाम्या जागी रेषा अडकतात, आणि सिरॅमिक अधिक प्रवाह पेलू शकते. पण मारा फार झाला, तर अणूंची घडीच विस्कटते. मग नायट्रोजनच्या थंडीतही ते अतिसंवाहक होत नाही.