शंभरातला एक

परभणी जिल्ह्याच्या नावाला दोन म्हणी इतक्या पक्क्या चिकटलेल्या आहेत की, बाहेरचा मनुष्य भेटला म्हणजे त्यांपैकी एक तरी ऐकून घ्यावीच लागते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही पहिली आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरी. पहिलीत फुशारकी आहे, दुसरीत बेफिकिरी आहे, आणि दोन्ही म्हणी अस्सल परभणीकरच अधिक हौसेने म्हणत असतो, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. कोरडा दुष्काळ, ओला दुष्काळ, बोंडअळी आणि पडलेले भाव यांचा जमाखर्च वर्षानुवर्षे मांडीत आलेल्या या मुलखाने स्वतःवर हसण्याची वहिवाट मात्र कधी मोडू दिलेली नाही. या वहिवाटीची खरी कसोटी पाहणारा एक आजार आहे. तो क्वचित होतो, पण ज्याला होतो त्याला त्याचे नाव चारचौघांत उच्चारण्याचीसुद्धा चोरी होते. तो म्हणजे पुरुषाला होणारा स्तनाचा कर्करोग.

पुरुषाला स्तन नसतात, हा आपला समज शरीरशास्त्राला मान्य नाही. स्तनाग्रामागे ऊतींचा एक अल्पसा थर प्रत्येक पुरुषाच्या छातीत जन्मभर असतो, आणि जेथे ऊती आहेत तेथे कर्करोगाला शिरकाव आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांमध्ये सुमारे एक पुरुष असतो. बहुधा साठी ओलांडलेला. काहींच्या घराण्यातच ‘बीआरसीए-२’ या जनुकाचा दोष उतरलेला असतो, काहींना यकृताच्या जुनाट विकारामुळे धोका वाढतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत असे एकही कारण दाखविता येत नाही. आरंभ होतो तो स्तनाग्राखाली हाताला लागणाऱ्या एका कठीण गाठीने, आणि ती दुखत नाही हाच तिचा सर्वांत मोठा कावा. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्ताचा थेंब येणे, वरची कातडी चिघळणे, ही पुढची लक्षणे. पुरुषाच्या छातीत ऊती थोड्या असल्याने गाठीला त्वचेपर्यंत पोहोचण्यास अंतर फार कापावे लागत नाही. आणि नेमका हाच काळ ‘दुखत तर नाही, मग कशाला दवाखाना’ या विचारात निघून जातो.

समजा, मानवतच्या बाजारात कापूस घालणारा एक साठीतला शेतकरी अशी गाठ घेऊन, सुगी आटोपल्यावर, मुलाच्या तगाद्यामुळे एकदाचा मोठ्या रुग्णालयात गेला. स्तनविकारांच्या विभागाबाहेरच्या बाकांवर सगळ्या स्त्रिया बसलेल्या. त्यांत हा धोतर-टोपीतला इसम आणि शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली त्याची कारभारीण. खिडकीतून नाव पुकारले जाते, दोघेही उठतात, आणि परिचारिका सहजपणे बाईंना आत बोलावून त्यांना म्हणते, “मालकांना बाहेरच बसू द्या, मावशी.” ज्याला मान खाली घालायची असेल त्याला या क्षणी जमीन दुभंगावीशी वाटते, पण परभणीच्या मातीतला मनुष्य असेल, तर तो टोपी सावरीत सांगतो, “बाई, पेशंट मी हाय. ही नुसती साक्षीदार.” आणि बाकांवरच्या साऱ्या बायका, ज्यांतल्या कित्येकींनी कैक दिवसांत हसू पाहिले नसेल, पदराआड हसू लागतात. मला वाटते, या रोगाचा अर्धा इलाज नसला तरी अर्धे ओझे अशा एका वाक्यात उतरते. कारण ज्या गोष्टीवर रोगी स्वतः चारचौघांत बोलून गेला, त्या गोष्टीवरून त्याला लाजविण्याचा अधिकार मग कोणालाच उरत नाही.

लाज ही काही आपल्याच मुलखाची मिरासदारी नव्हे. १९७१ साली ‘शाफ्ट’ या चित्रपटातून रांगड्या मर्दानगीचे जणू प्रतीकच ठरलेला अमेरिकन नट रिचर्ड राउंडट्री याला १९९३ साली हाच रोग झाला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, आणि काम हातचे जाईल या धास्तीने त्याने काही काळ ही गोष्ट गुप्त ठेवली. पुढे मात्र तो उघडपणे बोलू लागला. २०२३ साली वयाच्या ८१ व्या वर्षी तो वारला तोही दुसऱ्याच एका कर्करोगाने, म्हणजे या रोगानंतर तो तीस वर्षे जगला. गायिका बियॉन्से हिचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी सदऱ्यावर वारंवार दिसणाऱ्या रक्ताच्या ठिपक्यांवरून २०१९ साली तपासणी करून घेतली आणि निदान झाल्यावर काही महिन्यांतच ते जाहीरपणे सांगून टाकले. दोघांतला हा फरक पाहिला, म्हणजे मौन ही या रोगाची अपरिहार्य अवस्था नव्हे हे पटते.

आता केमोथेरपीकडे वळू. रुग्णांच्या तोंडी ती ‘किमो’ असते आणि तिचे हप्ते ‘डोस’. तिचा इतिहास विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीच्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला, तेव्हा ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजात दडवून ठेवलेला मोहरी-वायू बाहेर पडला. त्यात सापडलेल्या माणसांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने नष्ट झाल्याचे डॉक्टरांच्या दृष्टीस पडले. त्याच वर्गातले एक रसायन येल विद्यापीठात १९४२ सालीच एका रुग्णाला गुप्तपणे देऊन पाहिले गेले होते. वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारणारे विष मोजून-मापून दिले तर ते औषध होऊ शकते, ही कल्पना तेथून रुजली. पुढे बारी ज्या आपुलिया प्रांतात आहे, त्याच प्रांतातील एका किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्म जिवाणूपासून एक लालभडक औषध तयार झाले. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हे नाव पडले, आणि स्तनाच्या कर्करोगात ते आजही दिले जाते. काळ्या मातीत जन्म घालविलेल्या शेतकऱ्याला आपले औषधही मातीतूनच निघाले आहे असे सांगितले, तर त्याला ते वावगे वाटणार नाही.

या लाल औषधाची एक मोठी सुई असते. हृदयाची ‘टूडी इको’ तपासणी आधी झालेली असते. मग परिचारिका खाटेशेजारी बसून, शिरेकडे टक लावून, ते हातानेच हळूहळू आत सोडते, कारण शिरेबाहेर सांडले तर ते आसपासचे मांस जाळते. “आग होते का, काका?” असे ती पुनःपुन्हा विचारते, आणि काकांनी भिडेखातर ‘नाही’ म्हणू नये, हे तेथे कोणीतरी त्यांना बजावले पाहिजे. त्यानंतर एखाद-दोन दिवस लघवी तांबडी होते. हे आधी न सांगितलेला रोगी रक्त जाते आहे असे समजून घाबरून जातो. आधी सांगितलेला रोगी मात्र घरी येऊन नातवाला सांगतो की, आजोबांची रंगपंचमी यंदा आतूनच सुरू झाली.

दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागतात, आणि येथे परभणीतल्या रोग्यापुढे एक स्थानिक पेच उभा राहतो. जनाबाईंच्या गंगाखेडला गोदावरीच्या काठी लोक दिवस घालायला जातात आणि मुंडण करून परततात. त्यामुळे तुळतुळीत डोक्याचा मनुष्य एस.टी.त दिसला की शेजारचा प्रवासी हळहळत विचारतो, “कोण गेलं हो, अण्णा?” यावर “केस गेले, बाकी सगळे आहेत” इतके उत्तर पुरेसे आहे. असे उत्तर देता येण्यासाठी पुस्तके वाचावी लागत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा टॅमॉक्सिफेन नावाची गोळी पाच वर्षे किंवा अधिक काळ घ्यावी लागते; तिने काही पुरुषांना अंगातून एकाएकी वाफा निघाल्यासारखे होते, घाम फुटतो, चिडचिड होते. पाळी जाण्याच्या काळात हेच सारे चुलीपुढे बसून मुकाट्याने सोसलेल्या बायकोच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे मिस्कील समाधान उमटते, ते पाहून नवऱ्यानेही हसावे हे उत्तम. तीस वर्षांच्या संसारात जे कळले नव्हते ते गोळीने कळले, असे म्हणण्याची दिलदारी त्याने दाखवावी.

परंतु विनोदाच्या भक्तांनी येथे थोडे सावध राहिले पाहिजे. हसल्याने गाठ विरघळते, असा पुरावा वैद्यकापाशी नाही. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाचे १९७९ सालचे पुस्तक या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. विनोदी चित्रपट पाहून आपल्याला काही वेळ वेदनाविरहित झोप लागे, असे त्याने लिहिले आहे खरे, पण त्याला झालेला आजार कर्करोग नव्हता. आपल्या रंगभूमीने ज्यांच्या विनोदावर जीव टाकला ते अतुल परचुरे कर्करोगाशी झुंजून पुन्हा कामाला लागले होते, आणि तरीही १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले. हसरा मनुष्य मेला म्हणजे त्याचे हसणे कमी पडले, असा हिशेब करणे हा क्रूरपणा आहे. ‘सकारात्मक राहा’ हा हुकूम तर मला औषधाहूनही कडू वाटतो. ज्याच्या तोंडात फोड आले आहेत, ज्याला भाताचा वासही सोसत नाही, त्याला एखादा दिवस भिंतीकडे तोंड करून पडू देणे हाही आधारच होय.

विनोदाचा पहिला हक्क रोग्याचा आहे. २००४ साली तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर एका तरुण डॉक्टरने महत्त्वाची कामे उरकून घ्या असे सुचविले, तेव्हा तुम्हाला पोहोचवूनच मी जाईन असे आपण त्याला सांगितले, ही आठवण शरद पवार भाषणांतून सांगतात आणि सभागृह खळखळून हसते. हेच वाक्य डॉक्टरने रोग्याला ऐकविले असते तर? शेजाऱ्याने, मेहुण्याने, पारावरच्या मित्राने रोगी हसला तर हसावे, तो थांबला तर थांबावे, आणि छातीवरून किंवा मर्दानगीवरून काढलेली कोटी आपल्यापाशीच ठेवावी. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अवघ्या पाच जणांनिशी पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेले लोकांना बोचू लागले. मग त्यांनी विनोद बाजूला ठेवून नुसते एकत्र हसण्याचा प्रघात पाडला. या हकिकतीत मला विनोदापेक्षा सोबतीचे महत्त्व अधिक दिसते.

आणि सोबतीची गरज परभणीकराला इतरांहून अधिक आहे, कारण उपचार दूर आहेत. कोणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातो. कोणी बार्शीला जातो. तेथे १९८७ सालापासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. कोणी रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने सुमारे साडेपाचशे किलोमीटर ओलांडून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावे चालणाऱ्या धर्मशाळेत आसरा शोधतो. बहुधा दर एकवीस दिवसांनी ही खेप. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा अंतर्भाव आहे, प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतची तजवीज आहे. पण शिधापत्रिका, आधार, पूर्वमंजुरी, शिक्के, आरोग्यमित्राची गाठ, हे दफ्तर सांभाळायला एक धडधाकट मनुष्य लागतो. अशा वेळी जो कागद सांभाळतो त्याने दिलेला आधार, रोग्याला गोमूत्राचे आणि कुठल्याशा मुळीचे सल्ले देणाऱ्या दहा भेटणाऱ्यांहून मोलाचा. मुळी द्यायचीच असेल तर आधी डॉक्टरला दाखवावी. यकृतावर तिचा भार पडला तर पुढचा डोस चुकतो.

भेटायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डोसानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी अगदी खाली येतात. त्या दिवसांत सर्दी-खोकला घेऊन मायेने भेटायला जाणे म्हणजे अपाय करणे होय. रोग्याला १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. तेव्हा ज्याच्याकडे गाडी आहे त्याने आपला नंबर त्याच्या उशाशी लिहून ठेवलेला बरा.

आणि तुमच्या गल्लीत, गावात, भावकीत असा कोणी शंभरातला एक असेल, तर त्याला ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणून परतू नका. पुढचा डोस कोणत्या तारखेला आहे, ते विचारा. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वे शयनयान वर्गात पूर्ण सवलत देते आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्या एका सोबत्याला भाड्यात पाऊण सूट देते. तो सोबती एखाद्या खेपेला तुम्ही व्हा.